बेड सातवरची व्हीटी : एका ईसीजी इलेक्ट्रोडचं प्रकरण

जानेवारीतली रात्र. नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या हृदयरोग आयसीयूत अडीचच्या सुमारास सात नंबरच्या बेडवरचा मॉनिटर लाल अलार्म देऊ लागला. पडद्यावर व्हीटी, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी जीवघेणी ठरू शकणारी वेगवान धडधड. ठोके १९० च्या वर. बेडवर निफाड तालुक्यातले ६२ वर्षांचे एक द्राक्ष बागायतदार. आदल्या दिवशी दुपारी छातीत दुखायला लागलं म्हणून मुलानं गाडीत घालून आणलेले. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, ईसीजीतला एसटी हा भाग खाली गेलेला, निदान एनस्टेमी, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याचा एक प्रकार. रक्त पातळ करणारी औषधं सुरू होती आणि सकाळी अँजिओग्राफी ठरली होती. अशा माणसाला रात्री खरोखरची व्हीटी होऊ शकते. त्यामुळे अलार्म वाजल्यावर जी धावपळ झाली ती झालीच पाहिजे होती.

आरएमओ (ड्यूटीवरचे निवासी) डॉक्टर पळत आले, त्यांनी पडदा बघितला आणि अमिओडेरॉन हे ताल सुधारणारं औषध १५० मिलिग्रॅम भरायला सांगितलं. डीफिब्रिलेटरची, म्हणजे हृदयाला शॉक द्यायच्या यंत्राची, ट्रॉली बेडपाशी आली. औषध सिरिंजमध्ये भरून झालं. ते शिरेत गेलं नाही, कारण रात्रपाळीच्या सीनियर सिस्टर मॉनिटरकडे न जाता थेट पेशंटच्या उशाशी गेल्या.

"काका, काय होतंय?"

"काही नाही ओ सिस्टर, इथं लई खाज सुटलीय."

काकांचा हात डाव्या बरगडीच्या खालच्या कडेला होता आणि ते करकरा खाजवत होते. सिस्टरांनी नाडी बघायला तोच हात मनगटाशी धरला. नाडी भरलेली, नियमित, मिनिटाला ऐंशीच्या आत. हात धरला तसं खाजवणं थांबलं आणि पडद्यावरची व्हीटीही थांबली. बोटावरच्या प्रोबची सॅच्युरेशनची (रक्तातल्या ऑक्सिजनची, प्रत्येक नाडीबरोबर उठणारी) लाट तर सगळा वेळ एकसारखी चालली होती, पण त्या गडबडीत तिच्याकडे कुणाची नजर गेली नव्हती.

सकाळी बायोमेडिकल विभागाच्या तक्रारवहीत नोंद आली : "बेड ७ मॉनिटर फॉल्टी, चेक करणे." मी त्या विभागात काम करतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण तक्रारवहीतल्या त्या ओळीत ज्याला दोषी धरलं होतं त्या मॉनिटरमध्ये काहीही बिघाड नव्हता. दोष होता त्याच्या आधी, कातडी आणि वायर यांच्यामधल्या त्या गोल स्टिकरमध्ये, आणि तो स्टिकर आमच्या हातात येईपर्यंतच्या सगळ्या प्रवासात.

पट्टीवर काय उमटलं होतं

अलार्मच्या वेळची पट्टी मॉनिटर आपोआप साठवून ठेवतो. ती छापून घेतली. ईसीजीत दोन-दोन इलेक्ट्रोडमधला फरक दाखवणाऱ्या रेघेला लीड म्हणतात. लीड दोनमध्ये रुंद, उंच, एकामागोमाग एक लाटा, पाठ्यपुस्तकात शोभावी अशी व्हीटी. लीड तीनमध्येही तेच. लीड एकमध्ये मात्र सगळं शांत : अरुंद क्यूआरएस (ठोक्याची टोकदार लाट), त्याच्याआधी व्यवस्थित पी (वरच्या कप्प्यांची छोटी लाट), ठोके मिनिटाला ७८. एकच हृदय एकाच क्षणी एका लीडमध्ये व्हीटीत आणि दुसऱ्या लीडमध्ये नॉर्मल असू शकत नाही.

इथे ईसीजीचा जनक, डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेनचं जुनं गणित कामाला येतं. लीड एक म्हणजे उजवा हात आणि डावा हात यांच्यातला विद्युतदाबाचा फरक. लीड दोन म्हणजे उजवा हात आणि डावा पाय. लीड तीन म्हणजे डावा हात आणि डावा पाय. दोन आणि तीन बिघडलेल्या, एक स्वच्छ. म्हणजे बिघडलेल्या दोघींत जो सामाईक आहे आणि स्वच्छ लीडमध्ये जो नाही तो इलेक्ट्रोड दोषी. तो डाव्या पायाचा. मॉनिटर लावताना हा इलेक्ट्रोड पायावर लावत नाहीत, डाव्या बरगडीच्या खालच्या कडेशी लावतात. काका खाजवत होते ती जागा नेमकी तीच. याच न्यायानं लीड दोन स्वच्छ राहिली तर डाव्या हाताचा इलेक्ट्रोड बघावा आणि लीड तीन स्वच्छ राहिली तर उजव्या हाताचा. आयसीयूतल्या प्रत्येक सिस्टरला आणि ब्रदरला हे तोंडपाठ असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. याला ना यंत्र लागतं ना पैसा.

दुसरी खूणही पट्टीवरच होती. एका कोऱ्या कागदाच्या कडेवर लीड एकमधल्या क्यूआरएसच्या जागा पेन्सिलीनं टिपल्या आणि तो कागद लीड दोनच्या गोंधळाखाली धरला. प्रत्येक खुणेच्या वर, लाटांच्या आत, एक बारीक टोकदार खाच दिसत होती. हृदयाचे खरे ठोके त्या गोंधळातून आपल्या तालात चालले होते. खऱ्या व्हीटीत असं दिसत नाही.

आरएमओंना हे का दिसलं नाही? पडद्यावर मोठी करून ठेवलेली एकच लीड होती, ती दोन नंबरची. मॉनिटरचं तालाचं विश्लेषणही त्याच एका लीडवर ठेवलेलं होतं. रात्री अडीचला, हृदयविकाराचा झटका आलेल्या पेशंटच्या बाबतीत, समोर जे दिसलं त्यावर त्यांनी वेळ न घालवता पाऊल उचललं. मी त्यांना दोष देणार नाही. खरी व्हीटी खोटी समजून सोडून देणं हे खोट्या व्हीटीवर औषध देण्याहून कितीतरी भयंकर आहे.

पण खोट्या व्हीटीचीही किंमत असते. अमिओडेरॉन शिरेतून गेलं असतं तर रक्तदाब पडू शकला असता, ठोके मंदावू शकले असते, सकाळची अँजिओग्राफी लांबली असती. आणि फाइलवर "व्हीटी" असा शिक्का बसला असता, तो पुढच्या प्रत्येक डॉक्टरनं वाचला असता. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच १२ रुग्णांची हकीकत छापून आली होती. आर्टिफॅक्टला, म्हणजे हृदयाबाहेरून आलेल्या खोट्या लाटांना, व्हीटी समजून काहींचं कॅथेटरायझेशन (रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयाची तपासणी) झालं होतं आणि एकाच्या शरीरात तर डीफिब्रिलेटर बसवला गेला होता.

स्टिकरची तपासणी

मॉनिटर सिम्युलेटरवर (नकली हृदयताल पुरवणाऱ्या यंत्रावर) लावून बघितला. सगळे ताल बरोबर ओळखले. केबल आणि लीडवायरी बदलून बघितल्या, वाकवून बघितल्या, काही नाही. मग सिस्टरांनी रात्रीच काढून हातमोज्यात गुंडाळून ठेवलेला तो इलेक्ट्रोड हातात घेतला. त्यांनी तो कचऱ्यात टाकला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

पांढऱ्या फोमची गोल चकती. मधल्या स्पंजमधलं जेल ओलसर चमकदार असायला हवं, ते इथे कोरडं, पिवळट, कडेनं साय धरल्यासारखं झालेलं. बोट लावलं तर चिकटपणा नाही आणि ओलही नाही. चिकट भागाच्या अर्ध्या वर्तुळावर तेलकट थर, त्यात चादरीचे धागे आणि छातीवरचे दोनतीन केस. म्हणजे ही चकती निम्म्या भागात कातडीला धरून होती आणि निम्म्यात उचललेली. दर खाजवण्याबरोबर ती उचलली जायची आणि परत टेकायची. बाकीचे इलेक्ट्रोड वेगळ्याच कंपनीचे निघाले. त्यांचं बटण निराळं, जेलही निराळं.

तेल कुठून आलं? काकांच्या मुलाकडून कळलं. निफाडची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पारा इतका खाली जातो की बागायतदार द्राक्षाचे घड वाचवायला बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. काका त्याच बागेतून आलेले. अंग उललेलं, पांढरं पडलेलं. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत मुलानं मायेनं वडिलांच्या अंगाला खोबरेल तेल चोळलं, छातीलाही. आपल्याकडे आजारी माणसाच्या अंगाला तेल लावणं, छातीला बाम चोळणं ही सेवाच असते. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की छातीवर तेल नको.

आणखी एक गोष्ट जुन्या नोंदींत सापडली आणि मला सगळ्यात जास्त तीच लागली. रात्री नऊच्या सुमारास याच बेडवर श्वास थांबल्याचे अलार्म दोनतीनदा आले होते आणि ते नुसते बंद केले गेले होते, कारण काका टक्क जागे होते, बोलत होते. बरेचसे मॉनिटर श्वासाची गती मोजायला वेगळं काही लावत नाहीत. ईसीजीच्याच दोन इलेक्ट्रोडमधून, बहुतेक वेळा उजवा हात आणि डावा पाय यांच्यातून, ते अगदी सूक्ष्म, उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडतात आणि छाती फुगते-बसते तसा अडथळा किती बदलतो ते बघतात. म्हणजे डाव्या पायाचा इलेक्ट्रोड सुटतोय, हे मॉनिटर अडीचच्या कितीतरी आधी सांगत होता. त्याचं म्हणणं श्वासाच्या नावाखाली आलं, म्हणून कुणी इलेक्ट्रोडकडे बघितलं नाही.

एवढ्याशा चकतीवर एवढं का अवलंबून

हृदयाचा जो संकेत छातीच्या कातडीवर पोचतो तो साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. कातडी नुसती ताणली गेली तरी तिच्या दोन बाजूंमधला दाब काही मिलिव्होल्टनं हलू शकतो. म्हणजे गडबड मूळ संकेताहून मोठी असू शकते. त्यात कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत, कोरड्या पेशींचा. तो विजेला अडवतो. जेलचं काम त्या थरात ओल आणि क्षार मुरवून वाट मोकळी करणं. आइंटहोवेननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजी काढले तेव्हा तो माणसाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवायचा. १९२४ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. आजचा स्टिकर तेच मीठपाणी थेंबभर जेलमध्ये घेऊन येतो, आणि ते जेल सुकलं की आपण त्याच्याही मागे जातो.

बटणाच्या खालचा धातू चांदीचा, त्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर. ही जोडी मुद्दाम निवडलेली आहे. धातू आणि क्षार यांच्या सीमेवर आपोआप एक विद्युतदाब तयार होतो. चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या बाबतीत तो बऱ्यापैकी स्थिर राहतो, आणि प्रवाह गेला तरी फारसा ढळत नाही. हृदयाच्या पेशंटला शॉक द्यावा लागला तर हा गुण जीव वाचवतो. शॉकनंतर इलेक्ट्रोडमध्ये साठलेला दाब लगेच उतरला नाही, तर पडद्यावर रेघ सपाट किंवा कुठेतरी वर अडकलेली दिसते, आणि ताल परत आला की नाही हे नेमकं त्या क्षणी कळत नाही. म्हणून वापरून टाकायच्या ईसीजी इलेक्ट्रोडसाठीच्या अमेरिकी मानकात, ईसी १२ मध्ये, शॉकनंतर पाच सेकंदांत हा दाब १०० मिलिव्होल्टच्या खाली आला पाहिजे अशी अट आहे. त्याच मानकात दोन इलेक्ट्रोड जेलला जेल लावून १० हर्ट्झवर मोजले तर सरासरी अडथळा दोन किलोओहमपेक्षा जास्त नको आणि एकाही जोडीचा तीन किलोओहमपेक्षा जास्त नको, असंही म्हटलंय.

आमच्याकडच्या मीटरवर १० हर्ट्झ मिळत नाही, म्हणून १०० हर्ट्झवर मोजलं. मानकाशी ताडून बघायला हे चालणार नाही, पण एकमेकांशी तुलना करायला पुरेसं आहे. सीलबंद पाकिटातून काढलेल्या जोडीचा अडथळा काही शे ओहम निघाला. आयसीयूच्या ट्रॉलीतल्या उघड्या पाकिटातल्या जोडीचा कित्येक किलोओहम, आणि प्रत्येक जोडीचा आकडा वेगळा. साध्या मल्टिमीटरचा ओहमचा काटा यासाठी वापरू नये, त्याचा एकदिश प्रवाह इलेक्ट्रोडच बिघडवतो आणि आकडा फसवा येतो. व्होल्ट मात्र त्यावर मोजता येतात. एका कंपनीच्या ताज्या जोडीत फरक जेमतेम काही मिलिव्होल्ट होता. दोन कंपन्यांचे समोरासमोर लावले तर तो दसपट झाला आणि बघता बघता सरकत राहिला. मॉनिटर ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा स्थिर फरक सोसू शकतो. सरकणारा फरक त्याला झेपत नाही, रेघ वरखाली पोहायला लागते.

यातून एक गोष्ट लोकांना सहज पटत नाही. सगळे इलेक्ट्रोड सारखेच थोडे वाईट असले तर मॉनिटर बऱ्यापैकी सांभाळून घेतो. बाकीचे चांगले आणि एकच वाईट असला तर जास्त बिघडतं. कारण भिंतीतल्या वायरिंगमधून अंगावर येणारा ५० हर्ट्झचा विजेचा गुणगुणाट सगळ्या इलेक्ट्रोडवर सारखा आला की मॉनिटर तो वजा करून टाकतो. एका बाजूचा अडथळा वाढला की तो सारखा राहत नाही, आणि जाड, केसाळ रेघेच्या रूपानं पडद्यावर येतो. त्यावर उपाय म्हणून फिल्टर लावला जातो. पण खाजवणं सेकंदाला तीन-चार-पाच वेळा होतं. हृदयाच्या संकेताचा मोठा भाग याच पट्ट्यात असतो. दात घासणं, कंप, छातीची फिजिओथेरपी यांचंही तसंच. तिथे फिल्टर लावायचा म्हणजे ईसीजीच पुसायचा. हा गोंधळ कातडीपाशीच थांबवावा लागतो.

पाकिटाचा प्रवास

आता त्या उघड्या पाकिटाकडे येतो. इलेक्ट्रोड ज्या फॉइलच्या पाकिटात येतात ते फॉइल हेच त्यांचं खरं झाकण. आमच्या आयसीयूत ५० चं पाकीट कात्रीनं वरून उभं फाडलं जायचं आणि ट्रॉलीच्या कप्प्यात तसंच पडून राहायचं. त्यावर उघडल्याची तारीख नसायची. चोवीस तास एसीची कोरडी हवा, त्यात नाशिकचा कोरडा हिवाळा. पेशंट कमी असले तर एकच पाकीट बरेच दिवस पुरायचं. हाताला सगळ्यात आधी लागायचे ते वरचे, सर्वांत सुकलेले.

त्याच्या मागे स्टोअर. वर्षाच्या दराच्या हिशेबानं खोकी एकदम मागवलेली, खाली जागा नाही म्हणून जादा खोकी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. थंड हवेचं गाव म्हणून नाशिकचं कौतुक होतं, पण एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला जातो, आणि पत्र्याखाली त्याहून वर. प्रत्येक खोक्यावर कंपनीनं तापमानाची मर्यादा छापलेली होती. ती खोली कुणी कधी मोजलीच नव्हती. म्हणजे बेड सातवरचा इलेक्ट्रोड एक अख्खा उन्हाळा पत्र्याखाली काढून आला होता. त्यानंतर त्यानं ट्रॉलीत हिवाळा काढला.

आणि त्याच्याही मागे खरेदी. ज्या महिन्यात जी कंपनी स्वस्त, तिचा माल. म्हणून एकाच छातीवर दोन कंपन्यांचे इलेक्ट्रोड. एका इलेक्ट्रोडची किंमत टपरीवरच्या चहापेक्षा फारशी जास्त नसते, आणि त्यातही वाचवलेले रुपया-दोन रुपये खरेदीच्या कागदावर बचत म्हणून दिसतात. मला याची चीड येते, ती लपवणार नाही. लाखांचा मॉनिटर घेताना समिती बसते, प्रात्यक्षिकं होतात, दरपत्रकं मागवली जातात. त्याच मॉनिटरचा पहिला भाग, जो पेशंटच्या अंगाला लागतो, तो कापूस आणि पट्टीच्या यादीत कुठेतरी असतो.

काय बदललं

सुरुवात कातडीपासून केली. दाखल करून घेताना जागा साबण-पाण्यानं पुसायची, तेल किंवा बाम असेल तर दोनदा, आणि कोरडी करायची. केस असतील तर क्लिपरनं कापायचे; वस्तऱ्यानं नको, कातडी सोलते. मग खरखरीत गॉझचे चार-पाच हलके हात, वरचा मृत थर थोडा निघेल एवढेच. स्पिरिटनं पुसून लगेच लावायची सवय सगळीकडे आहे. स्पिरिट कातडी आणखी कोरडी करतं, आणि ते पूर्ण उडालं नसेल तर चिकटही धरत नाही. स्टिकर लावायच्या आधी वायर बटणाला अडकवायची, नाहीतर बटण दाबताना पेशंटच्या बरगडीवर जोर येतो आणि मधलं जेल कडेला पळतं. दाबायचं ते कडेकडेनं, मधोमध नाही. स्त्री पेशंटच्या बाबतीत पडदा ओढून, जमेल तिथे सिस्टरनंच. संकोचापोटी इलेक्ट्रोड भलतीकडे लावले गेलेले मी बघितलेत, आणि ती चूक पेशंटची नसते.

इलेक्ट्रोड रोज बदलायचे ठरलं. हे आमचं डोकं नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दोन विभागांत फक्त इलेक्ट्रोड रोज बदलून बघितले, तेव्हा दर बेडमागचे अलार्म ४६ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं अलार्मच्या धोक्याबद्दल इशारा दिला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे नोंदल्या गेलेल्या अलार्मशी संबंधित ९८ घटनांपैकी ८० मध्ये रुग्ण दगावला होता. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विद्यापीठ रुग्णालयाचा अभ्यास आला. ७७ आयसीयू बेडवर ३१ दिवसांत पंचवीस लाखांहून जास्त अलार्म, आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या १२,६७१ तालाच्या अलार्मपैकी ८८.८ टक्के खोटे. इतकं खोटं कानावर पडल्यावर माणसाचं मन अलार्म ऐकेनासंच होतं. रात्री नऊचे ते श्वासाचे अलार्म बंद करणारा हात असाच बधीर झालेला होता.

रोज कधी बदलायचे, यावर वाद झाला. सिस्टरांचं म्हणणं, आणखी एक काम वाढतं. मग एका स्टाफ ब्रदरनं सुचवलं की सकाळी स्पंजिंग (पेशंटचं अंग पुसणं) होतंच, तेव्हाच बदलू. कातडी तेव्हा आपोआप स्वच्छ असते. हे इतकं सोपं होतं की दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. नव्या स्टिकरवर बॉलपेननं तारीख टाकायची.

एका बाबतीत मात्र सरसकट नियम मी मान्य केला नाही. पिकल्या वयाच्या, स्टेरॉइड घेणाऱ्या, अंगावर सूज असलेल्या पेशंटची कातडी कागदासारखी असते. तिथे रोज ओरबाडून काढलेला स्टिकर कातडीच घेऊन येतो. त्यांच्यासाठी रोज बघायचं, कड उचललेली किंवा जेल सुकलेलं दिसलं तरच बदलायचं, आणि काढताना कातडीला समांतर, हळू, दुसऱ्या हातानं कातडी धरून. जागाही थोडी सरकवायची. नवजात बाळांचे इलेक्ट्रोड तर वेगळेच, तो विषय या प्रकरणात नव्हता.

पाकिटं आता छोटी येतात. उघडल्यावर तोंड दुमडून क्लिप लावायची आणि तारीख लिहायची. पत्र्याच्या खोलीतली सगळी खोकी खाली आणली. त्यातली जुनी मोजून बघितली आणि टाकून दिली. त्या टाकण्यावर लेखा विभागानं विचारणा केली, तेव्हा मोजमापांचा तक्ता जोडून उत्तर दिलं. मॉनिटरमध्ये तालाचं विश्लेषण एका लीडऐवजी एकापेक्षा जास्त लीडवर ठेवलं, आणि पडद्यावर दोन लीड कायम दिसतील असं केलं.

तपासताना सापडलेली एक जोडगोष्ट. आमच्याकडे दोन प्रकारच्या रंगांच्या केबल आहेत. एका पद्धतीत उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा. दुसरीत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल. म्हणजे लाल वायर एका मॉनिटरवर उजव्या खांद्याखाली आणि दुसऱ्यावर डाव्या बरगडीखाली. पेशंट एका विभागातून दुसऱ्यात हलवताना यात चूक झाली की ईसीजी उलटा-सुलटा दिसतो. प्रत्येक मॉनिटरच्या बाजूला त्याच्याच रंगांचं छातीचं चित्र चिकटवलं. केबल एकाच पद्धतीच्या करायचा प्रस्ताव दिलेला आहे.

नातेवाइकांसाठी भेटीच्या दाराशी मराठीत एक पाटी लावली : पेशंटच्या हातापायाला तेल लावायचं असेल तर सिस्टरना विचारा, छातीला तेल किंवा बाम लावू नका. नुसतं "लावू नका" एवढंच लिहायला मी नकार दिला. उललेल्या कातडीला खाज सुटते, खाजेनं पेशंट स्टिकर ओढतो. म्हणून थंडीत स्पंजिंगनंतर हातापायाला आणि पाठीला क्रीम सिस्टरच लावतात.

बेड सातच्या काकांची अँजिओग्राफी ठरल्या वेळी झाली. एका धमनीत स्टेंट बसला. डिस्चार्जच्या कागदावर व्हीटीचा उल्लेख नाही, त्याऐवजी "मॉनिटरवर आर्टिफॅक्ट, स्ट्रिप जोडली आहे" असं लिहिलंय. ही ओळ हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतः लिहवून घेतली, कारण मॉनिटरच्या स्मृतीतली ती व्हीटी पुढे कुणी वाचली तर तिच्यासोबत खुलासाही वाचला जावा.

जे राहिलंय ते असं. आयसीयूत खोटे अलार्म कमी झाल्याचं पाळ्यांच्या हँडओव्हरमध्ये जाणवतं, पण वॉर्डमधल्या मॉनिटर बेडवर अजून जुनीच पद्धत चालते, आणि तिथे एका सिस्टरकडे आयसीयूपेक्षा कितीतरी जास्त पेशंट असतात. एकाच कंपनीचे इलेक्ट्रोड घ्यायला खरेदी विभाग तयार झाला आहे, मात्र चालू दरकराराची मुदत संपल्यावर. तोवर आयसीयूला एक कंपनी आणि वॉर्डला दुसरी अशी वाटणी केली आहे. पेशंट खाली-वर हलवताना आधीचे सगळे इलेक्ट्रोड काढून सगळे नवे लावायचे, एकही जुना ठेवायचा नाही, एवढी सूचना हलवाहलवीच्या कागदावर छापून घेतली आहे. मार्चच्या आत वॉर्डच्या सिस्टरांसाठी पट्टी वाचायचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. त्यासाठी बेड सातची ती पट्टी, पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक खोडून, मोठी करून छापायला दिली आहे.